बेत आधी, शिलाई मागून

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



प्रतिवर्षी या प्रसंगी कोणी विद्वान वक्ता बोलावण्याचा आपला प्रघात आहे. या खेपेस कार्यकारी समितीने ते काम आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाकडे सोपविले आणि विषयही असा दिला की, तो ऐकून आमच्या घरची मंडळी हसली. 'सॉफ्टवेअरच्या कामाची आखणी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट' हा तो विषय. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म फळा-खडूच्या संगतीत घालविलेल्या माणसाने यावर काय बोलावे, अशी शंका आपल्या मनात आली असेल तर ती रास्तच आहे. तथापि समितीने हा विषय आम्हांस दिला याला कारण आहे. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या बाबतीत २०२४ साली जी चूक घडली, तिच्यात आमचा वाटा होता; आणि २०२५ साली ती दुरुस्त झाली, तेव्हाही आम्ही तेथे बसलेलो होतो. सबब हे व्याख्यान नसून एका चुकीची कबुली आणि तिच्यातून मिळालेला धडा आहे, असे समजून आपण ते ऐकावे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. निधीची खातेवही आम्ही अकरा वर्षे हाताने लिहीत होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात असे ठरले की, आता अर्ज संगणकावर घ्यावेत. आपल्यापैकीच एका होतकरू तरुणाने हे काम विनामूल्य अंगावर घेतले. त्याने आमच्याकडून कोरा अर्ज नेला, एका संवादयंत्राला तो दाखविला, आणि दोन रात्रींत प्रोग्राम तयार करून आणला. पडद्यावर तो इतका देखणा दिसत होता की, समितीने त्याच बैठकीत अभिनंदनाचा ठराव केला. आम्हीही टाळ्या वाजविल्या.

ऑगस्ट महिन्यात एक माउली आमच्या दारात उभी राहिली. तिच्या मुलीने वेळेवर अर्ज केला होता, पण यादीत तिचे नाव नव्हते. शोध घेता असे निघाले की, प्रोग्राम अर्जदाराला आडनाव, आद्याक्षरे आणि गाव यांवरून ओळखत होता. त्या मुलीची चुलत बहीण त्याच गावची, त्याच आडनावाची आणि त्याच आद्याक्षरांची. तिचा अर्ज मागून आला आणि तो पहिलीच्या अर्जावर जाऊन बसला. पहिला अर्ज पुसला गेला, आणि पुसला गेल्याचे कोणास कळलेही नाही. पाच सभासदांनी पदरचे पैसे घालून फी भरली. परंतु तोवर वसतिगृहातील जागा गेली होती. त्या मुलीने ते सारे वर्ष रोज एस. टी. ने जाऊन-येऊन काढले.

आता दोष कोणाचा? त्या तरुणाचा म्हणाल, तर त्याने आपल्या परीने चोख काम केले होते. यंत्राचा म्हणाल, तर त्याला आपल्या घराण्यांतील नावांची रीत कोण सांगणार? आमच्या खातेवहीत अशा जोड्यांपुढे आम्ही तांबड्या शाईने 'थोरली', 'धाकटी' असे लिहीत आलो होतो. अकरा वर्षे जे आम्हांस ठाऊक होते, ते आम्ही कोणास सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. आणि कोणी विचारले नाही, कारण कामाला आरंभ करण्यापूर्वी विचारण्यासाठी म्हणून कोणी बसलेच नव्हते. शिवण फार लवकर झाली. बेतणे मात्र राहून गेले.

आपली ज्ञाती शिंप्यांची. नामदेवरायांचे नाव सांगणाऱ्या आपल्या घरांतून सुई-दोरा आज फारसा उरलेला नाही. कोणी शिक्षक झाले, कोणी बँकेत गेले, आणि नव्या पिढीतील कित्येक मुले-मुली पुण्यास हिंजवडीत, बंगळुरात, थेट अमेरिकेतही संगणकाच्या कामावर आहेत. परंतु आपल्या दुकानातील एक शब्द साऱ्या मराठी मुलखाच्या बोलण्यात आहे, तो म्हणजे 'बेत'. बेत म्हणजे योजना, आणि बेतणे म्हणजे मापाप्रमाणे आखून कापड कापणे. आमचे तीर्थरूप गिऱ्हाइकाचे माप घेताना बोलत फार. सदरा कोणत्या कामासाठी, लग्नाचा की रोजचा, पोरगा वाढत्या अंगाचा आहे काय, हे सारे विचारून झाल्यावर ते खडू हातात घेत, आणि खडूच्या रेघा दोनदा पाहून झाल्यावरच कात्री. शिवण्यापेक्षा त्यांचा वेळ यातच अधिक जाई.

सॉफ्टवेअरच्या धंद्यातही हीच गोष्ट जाणत्यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९६८ साली पश्चिम जर्मनीतील गार्मिश या गावी नाटो संघटनेच्या विद्यमाने एक परिषद भरली. मोठमोठे प्रोग्राम ठरल्या वेळेत का होत नाहीत, ठरल्या खर्चात का बसत नाहीत, आणि झाले तरी चुकांनी का भरलेले असतात, याचा तेथे खल झाला. आयबीएम कंपनीत ओएस ३६० या प्रचंड प्रणालीच्या कामाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपले अनुभव 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात मांडले. त्यात त्यांनी कामाच्या वेळेची एक वाटणी दिली आहे: एकतृतीयांश वेळ आखणीस, एकषष्ठांश प्रत्यक्ष लेखनास, एकचतुर्थांश सुट्या भागांच्या तपासणीस, आणि उरलेला एकचतुर्थांश सारे भाग जोडून होणाऱ्या तपासणीस.

आम्ही गणिताचे मास्तर, म्हणून हा हिशेब विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर मांडल्याप्रमाणे मांडतो. काम बारा महिन्यांचे धरा. चार महिने आखणी, दोन महिने लेखन, तीन आणि तीन मिळून सहा महिने तपासणी. आता असे समजा की, एखाद्या यंत्राने लेखनाचा वेळ अगदी शून्यावर आणला. किती महिने वाचले? दोन. दहा महिने जागच्या जागीच राहिले. ब्रुक्स यांची वाटणी त्यांच्या काळातील मोठ्या कामांची, हे खरे. तरीही 'यंत्र प्रोग्राम लिहिते, आता काम संपले' असे जो म्हणतो, तो बारापैकी दोन महिन्यांविषयीच बोलत असतो, हे ध्यानात यावे.

याच ब्रुक्स यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. माणसे वाढविली म्हणजे काम वेगाने होते असे नाही, कारण प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावे लागते. तिघांत तीन जोड्या होतात, दहा जणांत पंचेचाळीस. रेंगाळलेल्या कामावर ऐनवेळी नवी माणसे घातली, तर ते अधिकच रेंगाळते. आज लोक एकाच वेळी पाच-दहा एजंट कामाला लावतात. एकाने काय धरून चालविले हे दुसऱ्यास ठाऊक नसेल, तर तेथेही हाच हिशेब लागू पडतो. एक ना धड, भाराभर चिंध्या!

याला दुसरी बाजूही आहे. आखणीचे कागद महिनोन्‌महिने रंगवीत बसावे आणि तोवर गिऱ्हाइकाची गरजच बदलावी, असेही पुष्कळ झाले. त्याला कंटाळून २००१ साली अमेरिकेत युटा राज्यात सतरा जाणकारांनी एकत्र येऊन एक जाहीरनामा काढला. योजना हवीच, पण तिला कवटाळून बसण्यापेक्षा बदलाला तोंड देणे अधिक मोलाचे, असा त्याचा एक आशय होता. थोड्या थोड्या कामाचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा वापरणाऱ्यास दाखवावा, आणि पुढचा बेत त्यावरून सुधारावा, ही रीत तेव्हापासून रूढ झाली. कच्ची शिलाई घालून गिऱ्हाइकाच्या अंगाला लावून पाहण्याची आपली पद्धत याहून वेगळी नाही.

आता 'एजंट' या शब्दाकडे वळतो. एजंट म्हटले की आपल्यासमोर विम्याचा एजंट उभा राहतो. हा तो नव्हे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले, तेव्हा आपण प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, एवढाच व्यवहार होता. एजंट याच्या पुढे जातो. त्याला उद्दिष्ट सांगितले की तो स्वतः फायली उघडून वाचतो, पुढची पायरी ठरवितो, संगणकाला आज्ञा देतो, काय परिणाम झाला ते पाहतो, चुकले तर पुन्हा करतो, आणि काम संपले असे त्यास वाटेपर्यंत हे चालू ठेवतो. याला आपल्या व्यवहारातील जवळचा शब्द 'मुखत्यार' हा आहे. मुखत्यारपत्र लिहून देताना आपण काय करतो? कोणते अधिकार दिले आणि कोणते दिले नाहीत, ते एकेक कलम लिहितो. कारण मुखत्याराने केलेला व्यवहार शेवटी आपल्यावरच बांधला जातो. २०२५ च्या जुलै महिन्यात परदेशातील एका उद्योजकाच्या कामावरील एजंटाने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट ताकीद असताना, चालू माहितीसाठाच पुसून टाकल्याचे जगजाहीर झाले. ताकीद नुसती शब्दांत होती. पुसण्याचा अधिकार मात्र काढून घेतलेला नव्हता. मुखत्यारपत्र कसे लिहू नये, याचा हा नमुना होय.

आता आमच्या दुरुस्तीची हकीकत. २०२५ च्या गुढीपाडव्यास आमची भाची घरी आली होती. ती पुण्यात याच धंद्यात आहे. घडला प्रकार ऐकून ती म्हणाली, "मामा, मी करून देते. पण आज एक ओळसुद्धा लिहायची नाही. आज फक्त प्रश्न." आम्ही म्हणालो, "अगं, प्रश्न विचारणार कोण?" ती म्हणाली, "यंत्र विचारील, तुम्ही उत्तरे द्या."

तिने एजंटापुढे निधीचे नियम, कोरा अर्ज आणि पाच बनावट नावांच्या नोंदी ठेवल्या. खऱ्या मुलांची नावे, उत्पन्न, बँकेचे खाते यांतील काहीही तिने त्यास दिले नाही, हे मुद्दाम सांगतो. लोकांनी विश्वासाने मंडळाकडे दिलेली माहिती ही मंडळाची मालमत्ता नव्हे, ठेव आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही तिला जपण्याचे बंधन घातले आहे. मग तिने आज्ञा दिली ती अशी: हे सारे वाच, काहीही लिहू नकोस, काहीही बदलू नकोस, काम समजण्यासाठी जे जे विचारावेसे वाटते ते विचार.

एजंटाने वीस-बावीस प्रश्न विचारले. काही निरर्थक होते. पण काहींनी आम्हांस जागच्या जागी थांबविले. अर्जदाराची ओळख कशावरून पटवायची? हा पहिल्या पाचांतच होता. एका घरातील दोन मुलांनी अर्ज केल्यास दोघांनाही साहाय्य मिळते काय? मुदतीनंतर आलेला अर्ज परत करायचा, की समितीपुढे ठेवायचा? मंजूर रक्कम मागाहून बदलण्याचा अधिकार कोणास? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता येईना. अकरा वर्षे ते काम कधी अध्यक्षांच्या शब्दावर, कधी आमच्या शब्दावर चालले होते. शेवटी समितीची बैठक बोलवावी लागली आणि ठराव करावा लागला. यंत्रासाठी बेत करताना मंडळाचाच एक ढिला नियम पक्का झाला. यंत्राच्या उपयोगातील हा भाग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारण्याचे काम त्याने अधिक चांगले केले, कारण तो परका होता, त्याला आमची भीड नव्हती, आणि 'हे तर सर्वांनाच ठाऊक आहे' असे तो धरून चालत नव्हता.

यानंतर एजंटाने आखणीचा मसुदा लिहिला. सात पाने, मुद्देसूद, स्वच्छ भाषा, कोठे अडखळणे नाही. वर्गात असा निबंध आला असता तर आम्ही दहापैकी नऊ गुण दिले असते. परंतु भाचीने तांबडी पेन्सिल आमच्या हाती दिली आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचण्यास सांगितले. वाचू लागलो तेव्हा एकेक गोष्ट दिसू लागली. 'उत्पन्नाचा दाखला नसल्यास अर्ज आपोआप नाकारावा' असा एक नियम त्यात होता. असा नियम आपल्या मंडळात कधीच नव्हता. दाखला वेळेत न मिळाल्यास दोन सभासदांचे पत्र आपण चालवून घेतो. यंत्राने मोकळी जागा पाहिली आणि ती आपल्या तर्काने भरून टाकली, तीही इतक्या सहजपणे की खरा नियम कोणता आणि रचलेला कोणता, हे भाषेवरून ओळखता येऊ नये. प्रत्येक अर्जदाराकडे ई-मेल आहे असेही त्याने गृहीत धरले होते. शिवाय मोबाइलचे ॲप, बँकेतून परस्पर पैसे पाठविण्याची सोय, रंगीत आलेख, असे न मागितलेले पुष्कळ काही होते. ते आम्ही खोडले. 'हे काम तीन आठवड्यांत होईल' असा अंदाजही होता. तो कशावरून काढला, याला आधार काही नव्हता. भाचीने तेथे दोन महिने असे लिहिले आणि म्हणाली, "मामा, थोडी माया ठेवावी लागते ना?" शिवणीसाठी कडेला सोडलेल्या जादा कापडाला आपण माया म्हणतो, हे तिला आजोबांमुळे ठाऊक होते.

सुधारलेला मसुदा तिने मग एका दुसऱ्या, कोऱ्या एजंटाला दिला आणि फक्त दोष काढण्यास सांगितले. आपलाच निबंध तपासणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या चुका दिसत नाहीत, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे. या दुसऱ्या परीक्षकाने दोन नेमके दोष दाखविले: शेवटच्या दिवशी वीज किंवा इंटरनेट गेल्यास अर्ज कसे घ्यायचे, आणि जुन्या खातेवहीशी मेळ कोणी घालायचा.

मग कामाचे नऊ तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यापुढे, तो लिहिण्यापूर्वीच, त्याची परीक्षा लिहिली. पहिली परीक्षा अशी होती: एकाच आडनावाचे, एकाच आद्याक्षरांचे, एकाच गावचे दोन अर्ज घातले असता दोन्ही स्वतंत्र दिसले पाहिजेत. ती वाचताना ती माउली आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एक तुकडा झाला की थांबायचे, परीक्षा घ्यायची, उत्तीर्ण झाला तरच पुढचा. ही योजना कामाच्या फायलींतच ठेवली होती, कारण एजंटाच्या ध्यानात एका वेळी ठराविक मजकूरच राहतो, आणि नवी बैठक सुरू झाली की मागचे बोलणे त्यास आपोआप आठवेलच असे नाही. जे कागदावर आहे तेवढेच पुढे टिकते. मूळ नोंदी पुसण्याचा अधिकार त्यास कोठेही दिला नाही, आणि योजनेच्या शेवटी 'मान्य' असे लिहून खाली सही केली ती माणसांनी: भाचीने, समितीच्या कार्यवाहांनी आणि आम्ही.

एका बाबतीत मात्र कापडाची उपमा अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे. कात्री चालली की कापड परत जुळत नाही; प्रोग्रामचा चुकलेला तुकडा टाकून मागच्या प्रतीवर परत येता येते. म्हणूनच या कामात थोडे धाडस चालते. परंतु पुसलेला अर्ज, चुकलेली मुदत आणि गेलेली वसतिगृहातील जागा यांची मागची प्रत कोठेही ठेवलेली नसते.

त्या उन्हाळ्यात आम्ही खातेवही आणि प्रोग्राम दोन्ही बरोबर चालविले. अखेरीस मेळ घातला तेव्हा एकाच ठिकाणी फरक निघाला, आणि तपासता असे दिसले की ती चूक खातेवहीत आमच्याच हातून झाली होती. हे सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही. उलट समाधानच वाटते.

यंत्राने वेळ वाचला काय, असे कोणी विचारील. प्रत्यक्ष लेखनात वाचला. वाचण्यात आणि विचारण्यात आम्ही तो पुन्हा खर्च केला. या बाबतीत आपल्या अंदाजावर फार विसंबू नये असे आम्हांस वाटते. २०२५ साली अमेरिकेतील एका संशोधन संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रामरांकडून, त्यांच्या नित्य परिचयाच्या कामांतील २४६ कामे करवून घेतली. काही यंत्राच्या मदतीने, काही मदतीवाचून. मदतीने आपण सुमारे २० टक्के लवकर काम केले, असे त्या मंडळींस काम संपल्यावर वाटले. घड्याळाने मोजले तेव्हा १९ टक्के वेळ अधिक लागला होता. ही पाहणी त्या वर्षाच्या आरंभीच्या साधनांची आणि मुरलेल्या माणसांची. साधने झपाट्याने सुधारत आहेत, म्हणून हा कायमचा निकाल समजू नये. परंतु 'वाटणे' आणि 'मोजणे' यांतील हे अंतर प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखे आहे.

आता पालकांच्या मनातील चिंतेविषयी दोन शब्द. २०२५ च्या जुलैत देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्या कित्येक घरांत रात्री झोप लागली नसेल. याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, असे कंपनीने म्हटले नव्हते. तरी भीती ही भीतीच असते. आम्ही भविष्यवादी नव्हे, म्हणून खोटा धीर देणार नाही. नुसते सांगितलेले लिहून देणे, हे जे काम आजवर नवशिक्याच्या वाट्याला येई आणि ज्यावर त्याचा हात बसे, ते यंत्र करू लागले आहे. जिन्याची खालची पायरीच झिजत चालली आहे. अशा वेळी मुलांनी वरच्या पायरीची तयारी लवकर केली पाहिजे, आणि ती पायरी म्हणजे बेतणे. समोरच्या माणसाचे ऐकून घेणे, त्याने न सांगितलेले ओळखणे, लांबलचक मसुदा कंटाळा न करता वाचणे, त्यातील रचलेली गोष्ट हुडकणे, आणि 'हे मी पाहिले आहे, याला मी जबाबदार आहे' म्हणून सही करणे, ही कामे अजून माणसाकडेच आहेत. यासाठी प्रोग्रामचे ज्ञान तर हवेच. ज्याला शिवता येत नाही त्याला दुसऱ्याची शिवण तपासता येत नाही. पण त्याबरोबर भाषा हवी, गणित हवे, आणि नम्रपणे प्रश्न विचारण्याची सवय हवी.

मंडळाला आमची विनंती अशी की, यापुढे वधूवर-सूचीचे काम असो, सभासद-गणनेचे असो वा इमारत निधीचे, संगणकाकडे जाण्यापूर्वी एक बैठक केवळ प्रश्नांसाठी राखावी, आणि तीत त्या कामाची जुनी वही सांभाळणाऱ्या माणसाला अवश्य बोलवावे. त्याच्या तांबड्या शाईच्या खुणा कोणत्याही यंत्राला आपणहून दिसणार नाहीत.

शेवटी एक आनंदाची वार्ता सांगून आम्ही आपली रजा घेतो. ज्या मुलीने एक वर्ष एस. टी. ने जाऊन-येऊन काढले, तिचे नाव २०२५ च्या यादीत आले, तिला वसतिगृहातही जागा मिळाली, आणि आज ज्यांचा सत्कार व्हावयाचा आहे त्यांत ती पुढच्याच रांगेत बसलेली आहे. तिची चुलत बहीणही तिच्या शेजारीच आहे. दोघींची नावे पुकारताना सूत्रसंचालकांनी पूर्ण नावे पुकारावीत, एवढीच सूचना करतो.

 नामदेवरायांची कृपा आपणां सर्वांवर असो.